ओटीवरून माजघरात

कोकणातल्या जुन्या घरांत जेवणापूर्वी गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास बाजूला काढायची रीत होती. पोथीत याला भूतयज्ञ म्हणतात. आमच्या आजीला ते नाव ठाऊक नव्हतं, पण घास तिने कधी चुकवला नाही. जर्मनच्या चेपलेल्या ताटलीत ती मोतीसाठी ताकभात कालवायची आणि तो संपेपर्यंत पडवीच्या खांबाला टेकून उभी राहायची. कुरवाळणं वगैरे नाही. मोती उंबऱ्याच्या आत येत नसे. बिबट्या उतरल्याची कुणकुण लागली की मात्र त्याला आत घेऊन दाराला अडसर लागायचा.

कुत्रा राखणीला, मांजर उंदरांना, असं आपण सरसकट म्हणतो. मला ते कधीच पटलं नाही. जर्मनीत बॉनजवळच्या खाणीत १९१४ साली सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचं पिल्लू होतं. पुढे त्याचे दात तपासले, तेव्हा ते बरेच दिवस आजारी होतं असं दिसलं. शिकारीला निरुपयोगी अशा त्या पिल्लाला कुणीतरी भरवत, जपत राहिलं होतं.

आपल्या किनाऱ्यावर ही माया एकदा रस्त्यावरही उतरली. १८३२च्या जूनमध्ये मुंबईत इंग्रज सरकारच्या हुकमाने मोकाट कुत्री मारली जात होती. शिपाई दारातली पाळलेली कुत्रीही उचलू लागले आणि पारशी खवळले. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी, अशी त्यांच्या अंत्यविधीची प्रथाच आहे. इतर समाजही सामील झाले, बाजार बंद पडला.

रायगडावर वाघ्याचा पुतळा १९३६ साली बसला. धन्याच्या चितेत त्याने उडी घेतली या कथेला समकालीन पुरावा नाही. वाद होऊन २०१२ मध्ये पुतळा हलवला, पुन्हा बसवलाही गेला. इतिहास म्हणून ती कथा मी धरणार नाही, पण ती सांगताना डोळे भरून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

खरा बदल घडवला तो मुंबईने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या उभ्या राहिल्या, घरटी एखादा तरी तिकडे गेला. आधी बाप्ये गेले, मग बायकामुलं. वाडीत उरली म्हातारी माणसं आणि कुलपं. त्या रिकामपणात कुत्रा ओटीवरून माजघरात आला. याला कुणी शहरी फॅड म्हणतं तेव्हा वाईट वाटतं. दिवसभर बोलायला दुसरं कोणी नसतं हो.

शेजारच्या काकूंकडे गणपतीला घर भरतं. विसर्जनानंतर चाकरमान्यांची रिक्षा निघाली की त्यांचा मोती फाट्यापर्यंत मागे धावतो आणि जीभ काढून एकटाच परत येतो. रात्री व्हिडिओ कॉलवर नातवाचा पहिला प्रश्न असतो, "आजी, मोती जेवलो?" काकू उत्तर देत नाहीत. फोन ताटलीकडे वळवून धरतात.