कुट्यापी

कुट्यापी : फिलिपीन्समधील मिंदानाओ व पालावान बेटांवरचे दोन तारांचे लांबट वाद्य. लाकूड कोरून केलेले त्याचे निमुळते पोकळ अंग होडीसारखे दिसते. या वाद्यकुळाला अभ्यासकांनी दिलेले ‘बोट ल्यूट’ हे नाव त्यावरूनच आले. ‘कुट्यापी’ हे नाव मिंदानाओवरच्या मागुइंदानाओ लोकांचे. तिथलेच मारानाओ लोक या वाद्याला कोट्यापी म्हणतात, त्बोली लोक हेगालोंग, तर पालावानी लोक कुस्यापी. या नावाचे मूळ संस्कृत ‘कच्छपी’ (वीणा) या शब्दात मानले जाते. इंडोनेशियातील कचापी त्याच घरातली. म्हणजे नाव कासवाचे आणि रूप होडीचे. काही वाद्यांच्या कोरीव टोकांकडे पाहिले, तर होडीपेक्षा मगरच आठवते.

वाद्य बहुधा फणसाच्या लाकडाचे असते. एक तार सतत एकच स्वर धरून राहते. दुसरीखाली पडदे असतात, तिच्यावर धून वाजते. आपल्या सतारीचे पडदे दांडीला बांधलेले असतात. मागुइंदानाओ कुट्यापीचे कठीण लाकडाचे उंच पडदे मधमाशीच्या मेणात रोवलेले असतात. मेणामुळे ते हलवता येतात. ‘दिनालादाय’ जुळणीत पाच स्वर असतात आणि त्यांत अर्धस्वराचे अंतर कुठेच नसते. ‘बिनालिग’ही पाच स्वरांचीच, पण तिच्यात अर्धस्वर येतात आणि तेच वाद्य निराळे बोलू लागते. आवाज बेताचा. कुलिन्तांग या ओळीने मांडलेल्या घंटांच्या वाद्याचा नाद गावभर ऐकू जातो. कुट्यापी ऐकायला जवळ जाऊन बसावे लागते. प्रेमाचे निरोप तिच्या वाट्याला आले, यात नवल नाही. पालावानात कुस्यापी आणि ‘पागांग’ या बांबूच्या तंतुवाद्याच्या साथीने ‘कुलिलाल’ ही प्रेमगीते गातात. लेक सेबू भागातल्या त्बोलींकडे हेगालोंग स्त्रियाही वाजवतात, आणि वाजवता वाजवता नाचतातही.

स्पॅनिश काळातील नोंदींत या वाद्याचे उल्लेख उत्तरेकडचेही सापडतात. तिथे ते केव्हाच लोपले आणि तागालोग भाषेत ‘कुद्यापी’ हा शब्द तेवढा उरला. दक्षिणेत ते टिकले, तरी आज वादक थोडेच आहेत.

देशाने 1992 मध्ये कायदा (क्र. 7355) करून पारंपरिक कलावंतांसाठी ‘गामाबा’ हा राष्ट्रीय सन्मान सुरू केला. 1993 मधल्या पहिल्या तीन मानकऱ्यांपैकी दोघे याच संगीतातले होते : मागुइंदानाओचे सामाओन सुलेमान आणि पालावानचे मासिनो इंताराय. सुलेमान सुमारे तेरा वर्षांचे असताना काकांकडे कुट्यापी शिकले. ते गावात हजामत करत, मशिदीत इमाम होते आणि भोवतालच्या वाड्यांवरच्या मुलांना शिकवत. सन्मानासोबत विद्या पुढे देण्याची जबाबदारीही येते. त्यांच्या बाबतीत कायद्याने नवे काही सांगितले नाही. सुलेमान 2011 मध्ये गेले, इंताराय 2013 मध्ये.

ध्वनिमुद्रणांचे मोठे काम संगीतकार व संशोधक होसे मासेदा (1917–2004) यांचे. फिलिपीन्स विद्यापीठात जपलेला त्यांचा संग्रह 2007 मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ सूचीत आला. याखेरीज ‘जिवंत परंपरांच्या शाळा’ ही शासकीय योजना आहे, जिच्यात समाजातलेच जाणते कलावंत आपल्या मुलांना शिकवतात.

प्रस्तुत लेखकाला शाळेचे पारडे जड वाटते. ध्वनिमुद्रण धून देते, काचेच्या कपाटातले वाद्य लाकूड आणि नक्षी दाखवते. पण पडदा निखळलेल्या जागी उरलेला मेणाचा डाग एकाच वेळची जुळणी सांगतो. बिनालिगवरून दिनालादायवर येताना पडदा केसभर सरकवायचा की बोटभर, हे शिकणाऱ्याला कळते ते गुरूने अंगठ्याने मेण दाबून तार छेडल्यावर, आणि चुकल्यास पुन्हा दाबल्यावर.