मत्स्याहार आणि आरोग्य

नियमित मासे खाण्यातून शरीराला मिळणारी प्रथिने, मेदाम्ले, जीवनसत्त्वे व खनिजे आणि त्यांचा प्रकृतीवर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर मासळी हे रोजचे जेवण आहे, तर देशावर बहुतेक घरांत ती अधूनमधून होते. बाजारात मान असतो पापलेट, सुरमई आणि हलव्याला. पापलेटला तर महाराष्ट्राने 2023 मध्ये राज्यमासा घोषित केले. पोषणाच्या हिशेबात मात्र हा मानाचा क्रम बराचसा उलटा लागतो. तारली, पेडवे, बांगडा, मांदेली ही वाट्यावर मिळणारी स्वस्त मासळी पाहुण्यांच्या ताटात सहसा वाढली जात नाही, आणि मत्स्याहाराचे जे गुण सांगितले जातात त्यांतले बरेचसे तिच्याच पदरात आहेत.

बहुतेक माशांच्या 100 ग्रॅम मांसात 17 ते 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ती पचायला हलकी, कारण माशाच्या स्नायूंत चिवट संयोजी ऊती कमी असतात. मटण शिजायला तास लागतो आणि कालवणातला बांगडा दहा मिनिटांत होतो, त्याचे कारणही हेच. बोंबील याला थोडा अपवाद. त्याच्या अंगात इतके पाणी असते की तळण्याआधी तो पाट्याखाली दाबून ठेवावा लागतो, आणि त्यामुळे ओल्या बोंबलात वजनाच्या मानाने प्रथिने कमी भरतात. सुकवला की तीच प्रथिने एकवटतात.

माशांचे खरे वेगळेपण त्यांच्या तेलात आहे. ओमेगा-3 गटातली ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची मेदाम्ले इतर आहारातून फारशी मिळत नाहीत. जवस, अक्रोड यांतही ओमेगा-3 असते, पण ते निराळ्या प्रकारचे. शरीर त्याचा अगदी थोडा भाग ईपीएमध्ये आणि त्याहून थोडा डीएचएमध्ये बदलू शकते. मासाही ही मेदाम्ले स्वतः फारशी तयार करत नाही. ती मूळची समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांची. मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खोलचे पोषणयुक्त पाणी वर येते, शैवाले माजतात आणि त्यांवर चरून तारली लठ्ठ होते. पावसाळ्यानंतरची तारली तव्यावर टाकली की स्वतःचेच तेल सोडते. उन्हाळ्यात तोच मासा कोरडा लागतो. म्हणून एका माशात ‘इतके ओमेगा-3’ असा एकच आकडा छापणारे तक्ते जपून वाचावेत.

हृदयविकार आणि मासे यांचा संबंध चर्चेत आला तो 1970 च्या दशकात. बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील इनुइट लोकांचा आहार व रक्त तपासले आणि सील, देवमासा व मासे यांतील मेदाचा हृदयाला फायदा होत असावा, असे मांडले. पुढे 1989 मध्ये वेल्समधल्या एका चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 2,033 पुरुषांपैकी काहींना तेलकट मासे खाण्याचा सल्ला दिला गेला. दोन वर्षांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण 29 टक्क्यांनी कमी दिसले. चित्र इतके सरळ मात्र राहिले नाही. त्याच संशोधकांच्या 2003 मधील दुसऱ्या चाचणीत हा लाभ दिसला नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हायटल’ आणि ‘असेंड’ या मोठ्या चाचण्यांत रोज एक ग्रॅम ओमेगा-3 च्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या मुख्य घटनांत ठळक घट आढळली नाही. यावरून मासा निरुपयोगी ठरत नाही. माशाचे काम गोळीवर सोपवता येत नाही, इतके म्हणता येते. ताटात मासा आला की बहुधा लाल मांस किंवा तळलेले काहीतरी ताटाबाहेर जाते, आणि हा बदलही लाभाचाच. आठवड्यातून दोनदा, त्यात शक्यतो तेलकट मासा, हा सर्वसाधारण सल्ला अजून कायम आहे.

डीएचए गर्भाच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात साठते, विशेषतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. याशिवाय ब-12, ड जीवनसत्त्व, सेलेनियम आणि समुद्री माशांतून आयोडीन मिळते. मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट खाल्ली की कॅल्शियमही पोटात जाते. सुरमईच्या तुकडीचा काटा ताटाच्या कडेला काढला जातो, आणि कॅल्शियम त्याच्याबरोबरच. लहान मासे डोक्या-काट्यांसह खाण्याचे हे महत्त्व बांगलादेशातील कामातून दाखवून देणाऱ्या शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांना 2021 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

धोक्याच्या बाजूला पहिला पारा. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला आणि 1956 मध्ये त्या विषबाधेचा आजार उघडकीस आला. समुद्रात पारा अन्नसाखळीतून वर चढत जातो. जो मासा मोठा, दीर्घायुषी आणि दुसऱ्या माशांवर जगणारा, त्याच्यात तो जास्त. शार्क म्हणजे मोरी किंवा मुशी नेमकी याच गटातली, आणि दूध वाढावे म्हणून ती बाळंतिणीला खाऊ घालण्याची रीत किनाऱ्यावर आहे. गरोदर व स्तनदा स्त्रियांनी मोरीऐवजी तारली किंवा बांगडा खाणे अधिक सुरक्षित. आखूड आयुष्याच्या या माशांत पारा फारसा साठतच नाही.

दुसरा धोका ताजेपणाचा. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाविना राहिले की जिवाणू त्यांच्यात हिस्टामीन तयार करतात. तोंड लाल होणे, डोके ठणकणे, अंगावर गांधी उठणे ही लक्षणे तासाभरात दिसू शकतात. हे हिस्टामीन शिजवूनही जात नाही. तेव्हा लाल कल्ले आणि चकचकीत डोळे पाहून मासा घेण्याचा कोळणींचा व गिऱ्हाइकांचा जुना नियम वैद्यकीयदृष्ट्याही चोख आहे. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी, भरून ठेवलेल्या खाऱ्या बांगड्यात मिठाचे प्रमाण मोठे असते, रक्तदाब असलेल्यांनी तो बेतानेच खावा. गाऊट म्हणजे युरिक आम्ल साठून सांधे सुजण्याचा विकार असलेल्यांना तारली, बांगडा व शिंपल्यांतील प्युरीन त्रास देऊ शकते, कारण त्यापासूनच हे आम्ल बनते. कोळंबी-कुर्ल्यांची ॲलर्जी मात्र माशांच्या ॲलर्जीहून वेगळी. एक असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही.

मासे आणि दूध एकत्र घेतले तर कोड येते, ही समजूत दूरवर पसरलेली आहे. आयुर्वेद या जोडीला विरुद्धाहार मानतो. कोडाचे कारण मात्र वेगळे आहे: शरीराची प्रतिकारयंत्रणा त्वचेतील रंगपेशींवरच उलटते. बंगालमध्ये दह्यातला मासा पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो.