मध्यमेंदूतल्या नेमक्या कोणत्या पेशीत?

सुट्ट्या लागल्या की सातारा-सांगलीकडे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या जाहिराती फिरू लागतात. मुलाचा मध्यमेंदू ‘जागा’ केला की ते डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतं, असा दावा असतो. पट्टी बांधली तरी नाकालगत फट राहते आणि मूल तिच्यातून खाली बघतं. ती फट नीट बुजवली की वाचन थांबतं. दावा तपासून बघायची सवय महाराष्ट्राला लावणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, शिकले मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. निदान त्यांच्या मुलखात तरी पालकांनी या वर्गांवर पैसे घालवू नयेत.

मध्यमेंदू झोपलेला नसतोच. उजेड पडताच डोळ्यातली बाहुली आक्रसते, तो हुकूम तिथूनच सुटतो. तिथेच सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. या पट्ट्यातल्या डोपामिन (चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी त्यात जेमतेम काही लाख. पार्किन्सन्समध्ये मरतात त्या प्रामुख्याने याच.

प्रथिनं बनवणारी सुमारे 20,000 जनुकं जवळजवळ प्रत्येक पेशीत सारखीच असतात. फरक पडतो तो कुठलं जनुक वाचलं जातं यात. वाचलेल्या जनुकाची प्रत म्हणजे आरएनए, आणि पेशीतले आरएनए मोजणं म्हणजे जनुकांचं काम मोजणं. आता रुग्णाच्या या पट्ट्याचा तुकडा घेऊन सरसकट वाटला आणि डोपामिनला लागणाऱ्या टीएच जनुकाचा आरएनए कमी निघाला, तर अर्थ काय लावायचा? प्रत्येक पेशीत जनुक मंदावलं, की पेशीच मेल्या? सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी आणि सेलम हळदीचे ढीग वेगळे लावूनच सौदा होतो, कारण सगळं एकत्र दळल्यावर कुठला माल कमी होता आणि कुठला हलका होता, हे पावडरीवरून कळत नाही. या पट्ट्यात तर डोपामिन पेशी अल्पसंख्य असतात. बहुतेक गर्दी चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टन चढवणाऱ्या पेशींची. म्हणून ‘अमुक जनुक मेंदूत सक्रिय सापडलं’ अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न विचारावा : कुठल्या पेशीत?

याचं उत्तर हवं तर पेशी एकेक करून वाचायला हव्यात. पण अख्ख्या पेशी सुट्या करणं जमत नाही. चेतापेशींचे लांब फाटे एकमेकांत गुंतलेले असतात, ते सोडवताना तुटतात. ताज्या ऊतीला पपेन हे विकर लावून 37 अंशांवर ठेवलं तर त्या धक्क्यानेच पेशी फॉस, जून ही जनुकं काही मिनिटांत चालू करतात, आणि मग आपण आजार मोजत नसून आपलीच ढवळाढवळ मोजत असतो. मृत्यूनंतर गोठवलेल्या मेंदूत बर्फाच्या स्फटिकांनी पेशींची पटलं आधीच फाटलेली असतात. केंद्रक मात्र टिकतं. म्हणून केंद्रकंच वेगळी काढतात.

उणे 80 अंशांवर ठेवलेल्या मेंदूचा साधारण 50 मिलिग्रॅमचा तुकडा पुरतो. तो बर्फात ठेवलेल्या काचेच्या डाउन्स होमोजनायझरमध्ये (दांड्याने वाटायच्या नळीत) टाकतात. द्रावणात 320 मिलिमोलर साखर, थोडं मॅग्नेशियम, 0.1 टक्का ट्रायटन हा साबणासारखा पदार्थ आणि आरएनए खाणारी विकरं रोखणारं औषध. साखर नसेल तर केंद्रकं पाणी ओढून फुगतात. ट्रायटन बाहेरचं पटल विरघळवतो, पण वेळ किंवा मात्रा वाढली तर केंद्रकाचं पटलही भोकं पडून गळू लागतं. मग डीएनए बाहेर येऊन सगळं चिकट होतं आणि केंद्रकांचे गोळे होतात. आधी सैल दांड्याने 10 ते 20 फेरे, मग घट्ट दांड्याने तितकेच. दांडा जोरात वर ओढला की फेस होतो, फेस झाला की केंद्रकं फुटतात. पुढे 40 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून 4 अंशांवर सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाच्या 500 पट जोराने पाच मिनिटं फिरवतात. तळाशी बसतो तो साका केंद्रकांचा. सूक्ष्मदर्शकाखाली ती गोल, काठ स्वच्छ अशी दिसली पाहिजेत. काठ विस्कटलेला दिसला तर तिथेच थांबावं, कारण पुढची रसायनं फार महाग आहेत.

आता यातून डोपामिन पेशींची केंद्रकं निवडायची. टीएच प्रथिनाला चमकणारं प्रतिपिंड लावावं असं वाटेल, पण ते प्रथिन केंद्रकाबाहेर राहतं, म्हणजे धुण्यात कधीच वाहून गेलं. केंद्रकाच्या आत बसणारं प्रथिन हवं. डोपामिन पेशींत आढळणारं एनआर4ए2 तसं आहे. त्याला चमक लावून यंत्र केंद्रकं एकेक करून वेगळी करतं.

मग बारकोड. तेलातल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबात शक्यतो एक केंद्रक आणि एक जेलचा मणी अडकवतात. मण्यावर डीएनएचे असंख्य तुकडे असतात. प्रत्येक तुकड्यावर आधी 16 अक्षरांचा बारकोड, जो त्या मण्यावर सगळीकडे एकच. मग 12 अक्षरांचा अनुक्रमांक, जो तुकड्यागणिक वेगळा. शेवटी टी-टी-टी अशी शेपटी, जी आरएनएच्या ए-ए-ए शेपटीला चिकटते. थेंबातच आरएनएवरून डीएनए बनतो आणि दोन्ही खुणा त्यात शिरतात. यानंतर सगळे थेंब फोडून एकत्र केले तरी हरकत नाही. कुठली प्रत कुठल्या केंद्रकाची हे बारकोड सांगतो. अनुक्रमांकाचं काम याहून नाजूक. पीसीआर या डीएनएच्या नकला काढायच्या प्रक्रियेत एका रेणूच्या हजारो नकला होतात आणि काही रेणूंच्या जास्त होतात. बारकोड, जनुक आणि अनुक्रमांक तिन्ही जुळले तर त्या एकाच रेणूच्या नकला, म्हणून एकच मोजायच्या. 12 अक्षरांचे 1.67 कोटींहून अधिक प्रकार होतात, त्यामुळे एकाच जनुकाच्या दोन रेणूंना तोच क्रमांक लागणं विरळा.

चुका तरी होतातच. 10,000 केंद्रकं मिळवायला गेलं की नेहमीच्या पद्धतीत केंद्रक असलेल्या थेंबांपैकी सुमारे 8 टक्क्यांत दोन-दोन केंद्रकं शिरतात आणि चेतापेशी व आधारपेशी यांचं खोटं मिश्रण ‘नवी पेशी’ म्हणून समोर येतं. फुटलेल्या पेशींचा आरएनएही द्रावणात तरंगत असतो, तो प्रत्येक थेंबात जातो. मायटोकाँड्रिया केंद्रकात नसतात, म्हणून त्यांचा आरएनए पाच टक्क्यांवर गेला तर धुलाई कमी पडली असं समजावं. शिवाय केंद्रकातल्या प्रतींची काटछाट अजून पूर्ण झालेली नसते. इंट्रॉनवरचे, म्हणजे काटछाटीत गळणाऱ्या भागांवरचे, तुकडे हिशेबात धरले नाहीत तर निम्मी माहिती वाया जाऊ शकते.

याच पद्धतीने 2022 साली अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमधल्या गटाने माणसाच्या डोपामिन पेशींची सुमारे 22,000 केंद्रकं वाचली. पेशींचे दहा प्रकार निघाले. पार्किन्सन्सच्या मेंदूंत त्यातला एजीटीआर1 जनुक चालू असलेला प्रकार सर्वांत जास्त घटला होता, आणि आजाराचा आनुवंशिक धोका वाढवणारी जनुकं याच प्रकारात विशेष सक्रिय होती. ऊतीच्या पातळ कापांवर आरएनएला रंग लावून पाहिलं तेव्हा या पेशी पट्ट्याच्या खालच्या थरात सापडल्या. मात्र मेलेल्या पेशीचं केंद्रक हाती लागत नाही. रुग्णाकडून वाचता येतात त्या उरलेल्या, तगलेल्या पेशीच. त्यामुळे एखादं जनुक तिथे वाढलेलं दिसलं तर ते पेशीला मारत होतं की वाचवत होतं, हे या मोजणीतून ठरत नाही. त्यासाठी तेच जनुक वाढवलेल्या किंवा बंद केलेल्या जिवंत पेशी लागतात.