सोसायटीचा आनंदमेळा: खाऊची यंत्रं आणि खेळ बुक करण्याआधी

थीम पार्कमध्ये खेळ सुटल्यावर प्रेक्षक ज्या दाराने बाहेर पडतात, तिथेच पॉपकॉर्न आणि साखरेच्या कापसाच्या गाड्या उभ्या असतात. गाड्या बऱ्याच असतात, म्हणून त्यांना ते जमतं. सोसायटीच्या अंगणात कापसाचं यंत्र एकच असतं, आणि जादूचा खेळ संपताच शंभर मुलं एकदम रांगेत येतात. एका काडीला पाऊण ते एक मिनिट लागतं; शेवटच्या मुलाचा नंबर सव्वा-दीड तासाने लागणार. म्हणून यंत्रं आणि खेळ पुरवणारे आम्ही भाड्याच्या रकमेआधी वेळापत्रक विचारतो.

आमच्या मते बरी रचना अशी: ४ वाजता यंत्रं सुरू, साडेपाचला खेळ, सव्वासहाला यंत्रं पुन्हा सुरू. कूपनं दोन रंगांची छापा, एक रंग खेळाआधी चालेल, दुसरा नंतर. रांग आपोआप विभागली जाते. खेळ चालू असताना पॉपकॉर्न फोडून पुड्या भरून ठेवता येतात. कापूस आधी करून ठेवता येत नाही, आणि त्याची मोटर आवाज करते, म्हणून ते यंत्र त्या वेळात बंदच ठेवतो.

वीज

कापसाचं यंत्र साधारण १,००० वॅटचं, पॉपकॉर्नचं १,४०० वॅटचं. दोन्ही मिळून दहा अँपियरच्या वर जातात, तेव्हा जिन्याखालचा साधा ६ अँपियरचा सॉकेट चालत नाही. अर्थिंग असलेला १६ अँपियरचा पॉइंट लागेल. लांबवरून वीज आणायची असेल तर वायर तांब्याची, २.५ चौरस मिमीची हवी, आणि ती पूर्ण उलगडून टाका. गुंडाळीतच राहिलेली वायर तापते. माइक-स्पीकर मात्र वेगळ्या लाइनवर घ्या. यंत्रामुळे एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडला आणि ऐन खेळात माइक गेला, असा घोटाळा बहुतेकदा दोन्ही एकाच लाइनवर असल्याने होतो.

साखरेचा कापूस

यंत्राच्या मधोमध फिरणारी डबी असते. तिच्यात साखर वितळते आणि बारीक फटींतून बाहेर फेकली जाऊन हवेत तिचे तंतू होतात. एका काडीला १५ ते २० ग्रॅम साखर पुरते, म्हणजे किलोभरात पन्नासेक काड्या. साखर मध्यम दाण्याची, कोरडी हवी. पिठीसाखर घातली तर ती वितळण्याआधीच फटींतून उडते.

डबीत साखर मोटर बंद असतानाच, पाऊण भागापर्यंत भरायची. आधी मोटर, मग हीटर. तीन-चार मिनिटांनी तंतू सुटतात. तंतूंऐवजी दाणेच उडू लागले तर उष्णता कमी आहे. धूर आणि करपट वास आला तर जास्त. काडी किंचित ओली करून कडेकडेने फिरवा, डबीवर नेऊ नका.

यंत्र समोरून येणाऱ्या वाऱ्यात किंवा पंख्याखाली ठेवू नका. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत तर आम्ही कापूस घेऊच नका असं सांगतो. साखर ओलावा ओढते, तंतू चिकटतात आणि काही मिनिटांत फुललेला गोळा आक्रसून कडक होतो. त्या दिवसांत पॉपकॉर्न घ्या.

रंगाबद्दल: आम्ही पांढराच कापूस देतो. रोडामाइन-बी या कापड रंगवण्याच्या रसायनामुळे तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४मध्ये या खाऊच्या विक्रीवर बंदी घातली होती. गुलाबी हवाच असेल तर खाण्याचा परवानगी असलेला रंग, लेबलसकट, तुम्ही आणा.

पॉपकॉर्न आणि गोळा

एका घाण्याला २२५ ग्रॅम मका, ७५ मिली तेल, तीन-चार मिनिटं. सात-आठ छोट्या पुड्या होतात. मका लाह्यांचाच लागतो. दाण्यातल्या १३-१४ टक्के ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो, म्हणून महिनाभर उघड्या पडलेल्या पिशवीतला वाळका मका तळाशी गणंगच सोडतो. फुटण्याचा आवाज दोन-तीन सेकंदांनी एक, इतका मंदावला की भांडं लगेच उलटा.

गोळ्याला बर्फ पांढराच घ्या. महाराष्ट्रात २०१८पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालतात. निळसर लादी आली तर परत पाठवा. माणशी १५० ग्रॅम धरून वर चौथाई जास्त मागवा, तेवढा वितळतो.

खेळ

जादूगाराच्या पाठीमागे भिंत किंवा पडदा हवा आणि प्रेक्षक फक्त समोर. बाजूने किंवा वरच्या गॅलरीतून पाहणाऱ्यांना हातचलाखी दिसते, मग तेच मोठ्याने सांगतात. खेळ पाऊण तासाचा पुरे. लहान मुलं त्यापुढे बसत नाहीत.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या कळसूत्री (दोऱ्यांनी नाचवायच्या) बाहुल्या हव्या असतील तर वेळ दिवेलागणीची ठेवा, कारण भर उन्हात दोऱ्याच जास्त दिसतात. बाहुल्या लहान असल्याने ऐंशीच्या वर माणसं असतील तर मागच्यांना काही दिसत नाही. तेव्हा दोन छोटे प्रयोग करा.

परत देताना

शेवटच्या काडीनंतर डबी रिकामी फिरवत हीटर चार-पाच मिनिटं चालू ठेवा, अडकलेली साखर जळून जाते. डबीवर पाणी ओतायचं नाही, सुरीने खरवडायचंही नाही. बाहेरची परात तेवढी कोमट पाण्याने धुवा. फरशीवर उडालेले तंतूही त्याच रात्री कोमट पाण्याने पुसून घ्या, नाहीतर सकाळी मुंग्यांची रांग लागलेली असते.