ऑइल फिल्टर, पर्यायी

मोटारीच्या इंजिनाला वाहन-कंपनीच्या नावाचा ऑइल फिल्टर न लावता स्वतंत्र फिल्टर-उत्पादकाच्या नावाने विकला जाणारा फिल्टर लावण्याची पद्धत. मुंबईच्या गॅरेजांत पहिल्याला ‘कंपनीचा’ आणि दुसऱ्याला ‘बाहेरचा’ म्हणतात. या शब्दांनी फसगत होते, कारण वाहन-कंपन्या बहुधा फिल्टर स्वतः बनवत नाहीत. त्या मान, माहले, बॉश यांसारख्या उत्पादकांकडून तो घेतात आणि आपल्या खोक्यात घालून विकतात. काळजी करायला हवी ती तिसऱ्या प्रकाराची, म्हणजे कंपनीचेच खोके हुबेहूब छापून विकल्या जाणाऱ्या ‘डुप्लिकेट’ मालाची.

रचना : डब्याच्या आकाराच्या फिल्टरमध्ये बाहेरच्या कड्यातल्या छोट्या भोकांतून तेल आत शिरते, चुण्या घातलेल्या कागदातून गाळले जाते आणि मधल्या आटे असलेल्या भोकातून इंजिनात परत जाते. स्वस्त फिल्टरमध्ये पहिली काटकसर कागदातच होते. चुण्या कमी आणि विरळ असतात, टोकांचा गोंद नीट बसलेला नसतो आणि तेल कागदाला वळसा घालून निघून जाते. खोक्यावर नुसते ‘20 मायक्रॉन’ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छापलेले असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. त्या आकाराचे किती टक्के कण अडतात हे सांगितले तरच आकड्याला अर्थ येतो. ही कार्यक्षमता आयएसओ 4548-12 या चाचणीने मोजतात.

कागद तुंबला किंवा तेल घट्ट असले की बायपास झडप उघडते आणि न गाळलेले का होईना, तेल बेअरिंगपर्यंत पोहोचते. ती किती दाबाला उघडावी हे इंजिनावर ठरते. काही इंजिनांत ही झडप ब्लॉकमध्येच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातच, असते, म्हणून त्यांच्या फिल्टरमध्ये ती नसते. असा फिल्टर झडप लागणाऱ्या इंजिनाला लावला तर तुंबल्यावर कागद फाटतो किंवा तेलाचा पुरवठा आटतो. उलट झडप फार हलकी असेल तर ती सारखी उघडते आणि गाळण्याचे काम नावापुरते उरते.

इंजिन बंद असताना फिल्टरमधले तेल खाली ओघळू नये म्हणून आत रबरी पडदा असतो. मुंबईत तो फार महत्त्वाचा, कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभी राहून रविवारीच बाहेर पडणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. नायट्राइल रबर उष्णतेने हळूहळू कडक होते; सिलिकॉन जास्त टिकते. पडदा निकामी झाला की चालू करताना पहिले काही सेकंद टॅपेटची (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागांची) खडखड ऐकू येते.

आट्यांचा घोळ : 20 मिमी व्यासाचे, 1.5 मिमी अंतराचे आटे आणि पाऊण इंची (19.05 मिमी), इंचाला 16 आटे, हे दोन्ही प्रकार प्रचलित आहेत. 20 मिमीचा फिल्टर इंजिनावरच्या पाऊण इंची दांड्यावर चढतो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण त्याची पकड अपुरी असते. तो दाबाखाली निसटला तर काही क्षणांत सगळे तेल रस्त्यावर येते. म्हणून ‘बसतोय ना, मग लावा’ हा सल्ला कधीही मानू नये. उत्पादकाच्या यादीत मॉडेल, इंजिन आणि वर्ष पाहून भाग-क्रमांक जुळवावा.

खरेदी : कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असो वा नाक्यावरच्या दुकानात, बिल घ्यावे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, निर्मितीचा महिना व वर्ष आणि कमाल किंमत असायलाच हवी. खोके उघडून फिल्टरच्या तोंडाभोवतीचे, इंजिनाला टेकणारे रबर मऊ आहे का, आटे स्वच्छ आहेत का, भोकांतून पाहता पडदा सपाट बसला आहे का, हे तपासावे. तेल आणि मजुरीपुढे फिल्टरची किंमत किरकोळ असते, त्यामुळे पन्नास रुपये वाचवण्यासाठी अनोळखी नावाचा घेण्यात शहाणपण नाही.

बसवणे : तेल कोमट असताना काढावे. जुना फिल्टर निघाल्यावर त्याचे रबर इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. दोन रबरे एकावर एक आली की हमखास गळती होते. नव्या रबराला ताजे तेल लावून फिल्टर हाताने फिरवावा. रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरे, मात्र डब्यावर वेगळे लिहिले असेल तर तेच खरे. पान्याने आवळू नये. इंजिन चालू केल्यावर तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करावे. विझला तर दोन-तीन मिनिटे चालवून खाली गळती पाहावी, मग थोडे थांबून डिपस्टिकवर पातळी बघावी.

मुदत : सीएनजीवर तेल फारसे काळे पडत नाही, म्हणून बरेच जण बदल लांबवतात. रंगावर जाऊ नये. गाडीच्या पुस्तिकेतले किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी भरेल ते धरावे. 26 जुलै 2005 सारख्या पुरात इंजिनात पाणी शिरले तर तेल दुधाळ होते, कागद फुगतो आणि बायपास उघडा राहतो. अशा वेळी तेल व फिल्टर दोन्ही बदलून, थोडे चालवून पुन्हा बदलावे लागतात.

वॉरंटी : भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात 14 वाहन-कंपन्यांना दंड केला आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये असे बजावले; सदोष कामामुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ती नाकारता येईल, असे त्यात म्हटले आहे. कंपन्यांनी त्यावर अपिले केली. वॉरंटीच्या काळात फिल्टरचे बिल, भाग-क्रमांक आणि बदलतानाचे किलोमीटर जपून ठेवावेत.

विल्हेवाट : वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. जुना फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळू द्यावा आणि तेलासह ते घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावा. इमारतीच्या गटारात एक थेंबही जाऊ देऊ नये.