पावसाळी शर्यती आणि न आलेल्या होडीचे गुण

कोल्हापुरात तलावावरच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचं वेळापत्रक लागलं की पहिला प्रश्न हमखास येतो: भर पावसात कशाला? त्याचं उत्तर समुद्राकडे आहे. मुंबईत शिडांच्या शर्यती एकोणिसाव्या शतकापासून चालत आल्या आणि तिथला हंगाम समुद्रानेच ठरवला. पावसाळ्यात समुद्र बंद, नारळी पौर्णिमेनंतर तो हळूहळू खुला होतो आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत शर्यती चालतात. देशावरच्या पाण्यांनी होड्या मुंबईकडून घेतल्या, नियम घेतले आणि हंगामही तसाच उचलला. चुकलं ते इथे.

घाटाच्या अलीकडे गणित उलटं आहे. ऑक्टोबरला तलाव काठोकाठ असतात, पण वारा पडलेला असतो. थंडीत सकाळी पाणी आरशासारखं, दुपारी एखादी झुळूक. पाच मिनिटं उलटी मोजून स्टार्ट घ्यायची आणि पहिल्या बोयापर्यंत, म्हणजे वळसा घालायच्या तरंगत्या खुणेपर्यंत, पाऊण तास तरंगत बसायचं, याला शर्यत म्हणता येत नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो. मात्र तोवर पाणी खाली गेलेलं असतं आणि एप्रिल-मेमध्ये वळिवाची भीती असते. वळीव येण्याआधी वारा पूर्ण थांबतो, मग भलत्याच दिशेने एकदम तडाखा देतो. आभाळ काळवंडून वारा थांबला की शीड उतरवायचं, दुसरा विचार करायचा नाही. सलग आणि एका दिशेचा वारा मिळतो तो जून ते सप्टेंबर, नैर्ऋत्य-पश्चिमेकडून. हैदराबादेत हुसेनसागरावर मोठ्या शर्यती जुलैत होतात त्या याच हिशेबाने. कोल्हापूरचा हंगामही मृगाच्या मागोमाग सुरू व्हावा, हे वाऱ्याकडे बघूनच ठरतं.

पावसाळी हंगामाला वेगळी तयारी लागते. जूनच्या सुरुवातीला पाणी उथळ असतं. लेझर ही छोटी शिडाची होडी पूर्ण उपडी झाली की डोलकाठीचं टोक थेट गाळात रुततं. अशा वेळी दोघांनी सेंटरबोर्डावर, म्हणजे होडीच्या तळातून खाली जाणाऱ्या उभ्या फळीवर, उभं राहून जोर लावला तर काठीचा वरचा तुकडा जोडाजवळ वाकतो. आधी होडीचं तोंड वाऱ्याकडे फिरवायचं, टोक गाळातून सुटू द्यायचं आणि मगच वजन टाकायचं. बोर्ड रबरी दोरीने बांधलेलं नसेल तर होडी उपडी होताच ते खाचेतून निसटतं; मग उभं राहायला काहीच उरत नाही. जुलैत पाणी आठवड्याला कित्येक फूट चढतं. गेल्या रविवारच्या दोरीवर सोडलेला बोया या रविवारी बुडालेला किंवा नांगरासकट सरकलेला सापडतो. म्हणून दोरी लांब ठेवायची आणि बोयाखाली दोन-तीन फुटांवर किलो-दोन किलोचं वजन अडकवायचं. त्याने सैल दोरी ताठ लोंबकळते, कुणाच्या सुकाणूत अडकत नाही. केंदाळ हा आपल्याकडचा जुना ताप. दोन पानं बोर्डाला लागली तरी होडी वाऱ्यावर चढत नाही, आणि चालवणाऱ्याला वाटतं शीडच चुकलंय. स्टार्टच्या आधी बोर्ड एकदा वर ओढून साफ करून घ्यावं.

हंगाम पावसाळ्यात गेला की हजेरीचा प्रश्न येतो आणि खरा वाद तिथून सुरू होतो. जुलैत रोप लावण असते. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठते, केर्लीला रस्ता बंद होतो. पातळी ४३ फुटांवर, म्हणजे धोक्यावर गेली की बचावबोटी आणि पट्टीचे पोहणारे पुराच्या कामाला लागतात. २०१९ आणि २०२१ला तर शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. अशा हंगामात प्रत्येक रविवारी सगळ्या होड्या येणार नाहीत, हे गृहीत धरूनच गुणपद्धत हवी.

पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, कमी गुणवाला वर, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. ऑलिंपिकमध्ये एकेकाळी पहिल्याला शून्य, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ५.७ असे गुण होते. ती पद्धत मागे पडली. वाद आहे तो शर्यत पूर्ण न करणाऱ्याच्या गुणांचा. मालिकेत १४ होड्यांची नोंद आहे असं धरू. एका रविवारी पाचच आल्या. तिघी पोचल्या, एक उलटून माघारी फिरली, एक स्टार्टआधीच रेषा ओलांडून गेली आणि परत आली नाही. शिडाच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतल्या मूळ नियमाप्रमाणे या दोघींना नोंदलेल्या होड्यांपेक्षा एक जास्त, म्हणजे १५ गुण. घरी बसलेल्या नऊ जणींनाही १५च. पावसात भिजून, होडी उतरवून, उलटून परत आलेल्याची आणि अंथरुणातून न उठलेल्याची किंमत सारखी!

यावर तोड नियमातच आहे. लांबणाऱ्या मालिकेत, जी होडी स्टार्टच्या परिसरात आली पण पूर्ण करू शकली नाही, तिला त्या दिवशी आलेल्या होड्यांपेक्षा एक जास्त, इथे ६. न आलेलीला १५च. २०२१ पूर्वी लांबच्या मालिकांना हे आपोआप लागू व्हायचं. त्या वर्षीच्या नियमावलीत ते परिशिष्ट अ मधल्या ५.३ मध्ये गेलं आणि शर्यतीच्या सूचनेत ‘५.३ लागू’ असं लिहिलं तरच लागू होऊ लागलं. २०२५च्या आवृत्तीतही तसंच आहे. जुनीच सूचना तारखा बदलून पुन्हा वापरणाऱ्या क्लबांची ही सवलत कुणाच्या लक्षात न येता गेली, आणि ते कळतं ते हंगामाच्या शेवटी, गुणतक्ता लागल्यावर.

५.३ला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. पाच होड्यांच्या दिवशी शर्यत अर्धवट सोडून ६ गुण मिळतात, आणि तेरा होड्यांच्या दिवशी चुरशीने सातवा आलेल्याला ७. कमी हजेरीचा दिवस स्वस्त पडतो, हे खरं. तरीही पावसाळी हंगामाला ५.३च हवं. लोकांनी होडी पाण्यात उतरवावी हा शर्यतींचा पहिला उद्देश, आणि वाऱ्याला नवखा असलेला पोरगा १५च्या भीतीने काठावर थांबला तर तो शिकणार कधी? स्वस्त दिवसांवर उपाय वेगळा आहे: किमान चार होड्या आल्याशिवाय शर्यत मालिकेत धरायची नाही, आणि बारा शर्यतींतल्या सगळ्यात वाईट गुणांच्या तीन बेरजेतून वगळू द्यायच्या. काही लिहिलं नसेल तर एकच वगळली जाते, आणि पुराच्या हंगामात एकीने भागत नाही.

‘परिसरात आली’ म्हणजे नक्की काय, यावर मात्र अर्धा हंगाम भांडण चालतं. धक्क्यावर शीड चढवलं म्हणजे आली का? उतरतानाच उलटली तर? परिसराची हद्द सूचनांमध्ये लिहूनच टाकावी: स्टार्टच्या रेषेपासून अमुक मीटर. पाच मिनिटांचा इशारा देण्याआधी समितीच्या होडीवरून शिडांचे नंबर टिपून घ्यावेत. त्या कागदावर नंबर नसेल तर होडी आली नाही. हद्दीबाहेर उलटलेल्याला १५ लागतात आणि ते बोचतं, पण कागद नसला की ज्याचा आवाज मोठा त्याची होडी आलेली ठरते.

बचावबोटीवर किंवा घड्याळावर पाळी असणाऱ्याला त्या शर्यतीचे सरासरी गुण द्यायची रीत आहे, दशांशाच्या एका स्थळापर्यंत. यातही एक खाच आहे. सरासरी सगळ्या शर्यतींची काढली तर लावणीच्या दिवसांतले दोन-तीन १५ त्यात मिसळतात आणि पाळी करणाराच खाली घसरतो. २, ३, २, १५, १५ अशी ओळ असेल तर सरासरी ७.४ येते; न आलेले दिवस सोडले तर २.३. गैरहजेरीचे गुण सरासरीत धरायचे नाहीत आणि अशी सरासरी एका हंगामात दोनदाच मिळेल, ही दोन वाक्यं सूचनांमध्ये पहिल्या शर्यतीआधी हवीत. जुलैत पाळीची यादी भरायला माणसं मिळतात ती याच दोन वाक्यांवर.