सँपल आधी मुलांच्या हातात द्या, मग 'ओके' कळवा

नमस्कार. आमच्याकडून इंग्रजीची वर्कबुकं, वर्कशीट, सराव पेपर बनवून घेणाऱ्या शाळा, क्लासवाले आणि घरी शिकवणी घेणाऱ्या ताई, सगळ्यांसाठी हे पत्रक. प्रूफ म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत आणि फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं, हे तुम्हाला माहितीयच. पण दर सीझनला तोच फोन येतो, "सँपलसाठी आठवडा कशाला घालवायचा, आम्ही बघितलंय सगळं, तुम्ही छापा", म्हणून सँपल, म्हणजे नमुन्याची पानं, वर्गात वापरून होईपर्यंत आम्ही छपाईला का थांबतो ते एकदा नीट लिहून देतोय.

एक ऑर्डर सांगतो. तिसरी-चौथीसाठी वर्कबुक होतं, एका पानावर चित्र बघून शब्द लिहायचा, शब्दाला तीन चौकटी. सरांनी रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ बघितली, ओके म्हणाले, छपाई झाली. वर्गात पहिल्याच दिवशी जवळजवळ सगळ्या पोरांनी 'रग'च्या चित्राखाली 'मॅट' लिहिलं. आता यात पोरांची काय चूक? चित्र सतरंजीसारखं दिसतंय, मॅटलाही तीनच अक्षरं लागतात, चौकटीत बरोब्बर बसतंय. पण ते पान होतं 'यू' अक्षराच्या आवाजाचं, म्हणजे सरावच भलत्या अक्षराचा झाला, आणि वर मॅडमनी उत्तरसूची बघून सगळ्यांना चूक दिली. ते चित्र आम्ही काढलं होतं, सरांनी तपासलं होतं, माझ्या घरच्यांनीही बघितलं होतं. एवढ्या जणांपैकी कुणालाच दिसलं नाही, कारण उत्तर आम्हा सगळ्यांना आधीच माहीत होतं.

मुद्दा एवढाच आहे. ज्याला उत्तर माहितीय त्याला पानातली चूक दिसत नाही, मग तो कितीही चांगला शिक्षक असो. स्पेलिंग, ओळी, नाव-लोगो हे तुम्ही टेबलावर बसून तपासा, ते लागतंच, पण पान शिकवतंय का नाही हे फक्त मूल पेन्सिल घेऊन बसलं की कळतं.

याच्या उलटंही होतं आणि ते जास्त फसवं असतं. सगळी उत्तरं बरोबर येतात आणि मुलाला समजलेलं काहीच नसतं. हे वाक्य बघा: "गटमाने फुरळीत झिंबलं." आता प्रश्न: गटमाने कुठे झिंबलं? तुम्ही लगेच म्हणाल फुरळीत. पूर्ण मार्क! आणि अर्थ? काहीच नाही. उताऱ्याखालचे निम्मे प्रश्न असेच असतात, मूल प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधतं आणि त्याच्या पुढचा-मागचा शब्द उतरवतं. म्हणून आमच्या वर्कबुकात उताऱ्याखाली "चित्रातला कोणता मुलगा राजू आहे, गोल करा" किंवा "यातलं कोणतं वाक्य खोटं आहे" असले प्रश्न जास्त असतात. काही ग्राहकांना ते कमी वाटतात, "पान रिकामं दिसतंय, अजून दहा प्रश्न टाका" म्हणतात. दहा टाकायला आम्हाला काहीच जड नाही, पण मग मुलं उतरवायलाच शिकतात आणि पैसे तुमचे जातात.

आता सँपल वर्गात कसं वापरायचं. वेळ लागत नाही, एक तास पुरतो. सहा-सात मुलं घ्या, दोन हुशार, दोन-तीन मधली आणि दोन अशी की जी नेहमी मागे पडतात. फक्त हुशार मुलं बसवू नका, ही चूक फार जण करतात, मग सगळं छान चाललंय असंच दिसतं. पान द्या आणि काही समजावून सांगू नका. हेच सगळ्यात अवघड आहे हे मला माहितीय, शिक्षकाला गप्प बसवत नाही, पण तुम्ही सूचना तोंडी सांगितली की आमची छापलेली सूचना मुलांना कळली का नाही हे कधीच कळणार नाही. कुठल्या मुलाने कुठे मान वर करून बघितलं, "म्हणजे काय करायचं?" कुठे विचारलं, दोन मिनिटांत कुठलं पान संपलं, तेवढं शेजारी लिहून ठेवा. शेवटी एकाला मराठीतच विचारा, "इथे काय करायला सांगितलं होतं रे?"

स्कॉलरशिपच्या पेपरांसाठी थोडं वेगळं. तिथे पूर्ण वर्गाला सोडवू द्या आणि प्रत्येक प्रश्नाला कुठला पर्याय किती जणांनी घेतला ते मोजा. ज्या पर्यायाला कुणीच हात लावला नाही तो फुकट गेला, तो बदलावा लागतो. आणि हुशार मुलं एकाच चुकीच्या पर्यायावर एकत्र गेली तर मुलांना बोलायच्या आधी प्रश्न नाहीतर उत्तरसूची परत वाचा, बऱ्याचदा घोळ तिथेच निघतो.

लेव्हलबद्दल. ऑर्डर देताना नुसतं "इयत्ता पाचवी" लिहिलं की आम्हाला परत फोन करावा लागतो. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे कागदावर पाचवीच्या प्रत्येक मुलाची चार वर्षं झालेली असतात, पण एकाच बाकावर एक जण परिच्छेद वाचतो आणि दुसरा अजून 'बी' आणि 'डी'त गोंधळतो. त्यामुळे आम्ही शंभर शब्दांचा एक छोटा उतारा पाठवतो, मुलांना न येणारे शब्द अधोरेखित करायला सांगा. दोन-तीन निघाले तर मूल तो स्वतःचा स्वतः वाचू शकेल, पाचापर्यंत असतील तर तुमच्या मदतीने जमेल, दहा-पंधरा निघाले तर ती लेव्हल त्याच्यासाठी नाही, मग पुस्तकावर पाचवी छापलेलं असो नाहीतर आठवी.

सगळ्यात जास्त वाद होतो तो इंग्रजी शब्दाखाली मराठीत उच्चार छापण्यावरून. पालकांना आवडतं, हे मान्य. पण मुलाची नजर सरळ देवनागरीवर जाते, इंग्रजी अक्षरांकडे ते बघतच नाही, आणि वर्षभराने उच्चार काढून घेतला की वाचन बंद पडतं. शिवाय पश्चिम दिशा आणि वाया घालवणं, या दोन्हींचे इंग्रजी शब्द मराठीत लिहिले की 'वेस्ट'च होतात, मग मूल फरक कुठून शिकणार? म्हणून उच्चार आम्ही फक्त पाठाच्या शेवटी, नवीन आणि अवघड शब्दांनाच देतो. अर्थ मात्र मराठीत बिनधास्त देतो, आणि खालच्या इयत्तांना सूचनाही मराठीतच. सूचना कळली नाही म्हणून प्रश्न चुकणं हे इंग्रजीचं शिक्षण नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बालभारतीची पानं स्कॅन करून "असंच द्या" म्हणून पाठवू नका, ते साहित्य त्यांचं आहे, आम्ही छापू शकत नाही. घटक कुठला ते सांगा, त्यावर नवीन उतारा लिहून देतो, आणि त्यात एसटी, आठवडी बाजार, गणपती असं मुलांच्या ओळखीचं जग असतं. फॉन्टही आम्ही चार रेघी वहीत मूल जसं अक्षर काढतं तसाच वापरतो, छापील वळणाच्या 'ए' आणि 'जी'ने लहान मुलं अडतात.

आता वेळ आणि पैसे. पहिल्या ऑर्डरला आठ पानांच्या सँपलच्या दहा प्रती आम्ही आमच्या खर्चाने देतो. त्यावर दोन वेळा दुरुस्ती फुकट. पण छपाईची प्लेट निघाल्यावर एक चित्र बदलायचं म्हटलं तरी १६ पानांचा तो फर्मा परत करावा लागतो, त्याचे पैसे घेतो, आणि याच एका कारणाने सगळ्यात जास्त ऑर्डरी लेट होतात. जूनमध्ये पुस्तकं हातात हवी असतील तर सँपल फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या सुरुवातीला वर्गात गेलं पाहिजे. एप्रिलमध्ये परीक्षा असतात, मेमध्ये मुलंच नसतात, मग सँपल परत टेबलावरच तपासलं जातं.

वर्गात भरलेली पानं आम्हाला फोटो काढून पाठवा. एक विनंती, लाल पेनने तपासून, खोडरबरने नीट करून पाठवू नका. मुलांनी जे चुकीचं लिहिलंय तेच आम्हाला बघायचं असतं, कोपऱ्यात फक्त किती मिनिटं लागली ते लिहा. फोटो आले की तीन दिवसांत दुरुस्त प्रूफ तुमच्याकडे येईल.